डॉक्टर बेहेरे यांची ओळख समिती

“तुम्ही फक्त आडनाव सांगा, बाकीचं मी सांगतो,” असं डॉक्टर मिलिंद बेहेरे भेटेल त्या नव्या मराठी माणसाला म्हणायचे. आणि खरंच सांगायचे. आडनावावरून गाव, गावावरून जात, जातीवरून कुलदैवत आणि कुलदैवतावरून त्या माणसाच्या आईच्या आमटीत गूळ पडतो की नाही, इथपर्यंत. लेस्टरमध्ये त्यांनी उभी हयात लोकांची मोडकी हाडं जोडण्यात घालवली. एक्स-रे बघून बघून आपल्याला माणूस आरपार दिसतो, असा त्यांचा समज झाला होता. निवृत्त झाल्यावर एक्स-रे उरले नाहीत, समज तेवढा उरला.

मी सुलक्षणा, इथल्या मराठी मंडळाची चिटणीस. म्हणजे हॉल मी बुक करायचा, खुर्च्या मी लावायच्या आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात. मला डॉक्टर बेहेऱ्यांचा राग येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढे शोधत बसायला नको. तसा माणूस वाईट नाही. कोविडच्या वेळी निवृत्त झालेला हा गृहस्थ आपण होऊन वॉर्डात परत हजर झाला होता. माझ्या सासूबाईंचा खुबा त्यांनीच बदलला. त्या खुब्याच्या जोरावर सासूबाई अजून जिना चढतात आणि वर येऊन माझी कपाटं आवरतात. त्याबद्दल डॉक्टरांना किती दोष द्यायचा हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण त्यांना एक खोड होती. जेवण झालं, बडीशेप तोंडात पडली, की त्यांना हिटलर आठवायचा.

“माणूस वाईट होता, आय डोन्ट डिनाय,” ते म्हणायचे, “पण शिस्त बघा! चार-सहा वर्षांत रस्ते, कारखाने, गाड्या वेळेवर. आपल्या लोकांना असाच एक पाहिजे.”

गाड्या वेळेवर धावायच्या असं ज्याच्याबद्दल सांगतात तो मुसोलिनी, आणि त्याच्याही धावत नव्हत्या, असं मी एकदा म्हटलं. त्यावर “तेच ते” म्हणून त्यांनी हात उडवला. खरं तर एकट्या डॉक्टरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कडक हेडमास्तर म्हणजे हिटलर, खाष्ट सासू म्हणजे हिटलर, आणि दोन्हीत थोडं कौतुकच असतं. त्या माणसानं साठ लाख ज्यू मारले, हे आपण ‘पण’च्या अलीकडे उरकतो आणि ‘पण’च्या पलीकडे रस्त्यांचं सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ज्यू माणूस पाहिलेलाच नसतो, त्यामुळे बडीशेप कुणाच्या घशात अडकत नाही.

मंडळ आमचं पूर्वी चालायचं तसं चालत होतं, म्हणजे चालत नव्हतं. जो सभेला गैरहजर असेल त्याला अध्यक्ष करायची पद्धत होती. मग एका वर्षी गणपतीच्या जेवणात श्रीखंड संपलं. दुर्दैवानं रांगेच्या शेपटाला चार कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलांतले बडे डॉक्टर, आणि त्यांच्या बायका उभ्या होत्या. रिकामं पातेलं बघून जो हलकल्लोळ झाला, त्यात डॉक्टर बेहेरे खुर्चीवर चढले. “शिस्त नाही म्हणून ही वेळ आली,” ते गरजले. “आपल्यात बाहेरचे घुसलेत, ते आपलं श्रीखंड खातात!” वास्तविक ऑर्डरच कमी दिलेली होती. ती देणाऱ्याचं नाव मी सांगत नाही, कारण तो माझा नवरा आहे. पण भुकेल्या माणसाला हिशेबापेक्षा शत्रू लवकर पटतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांनाच निवडणूक समजून डॉक्टर अध्यक्ष झाले.

सुरुवात चपलांपासून झाली. हॉलच्या दाराशी चपला जोडीनं, पंजे भिंतीकडे. सगळ्यांना कौतुक वाटलं. मग कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला लागले. लोक नेहमीच्या वेळी आले तेव्हा ते संपलेले असत, पण तेही कौतुकाचंच झालं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त अध्यक्षांनी लिहायचं, इतरांनी वाचायचं, असं ठरलं. रोज सकाळी येणारे फुलांचे फोटो बंद झाले म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पेपर बंद पडतो तेव्हाही पहिल्या दिवशी रद्दी कमी झाल्याचाच आनंद होतो.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी हॉल गरम ठेवणारा बॉयलर बिघडला होता. “अशा आणीबाणीच्या परिस्थितीत” निवडणूक पुढे ढकलण्यात आली. बॉयलर दुरुस्त झाला, निवडणूक झाली नाही. दरम्यान ‘शिस्तपथक’ निघालं. त्यांना आंब्याच्या रंगाचे टी-शर्ट मिळाले आणि पथकप्रमुख शशिधरला शिट्टी मिळाली. शशिधर नागपूरचा, एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, घरी बायकोपुढे ब्र काढत नाही. शिट्टी मिळाल्यापासून तो खांदे मागे टाकून चालायला लागला.

त्याच उन्हाळ्यात आमच्या भागातल्या दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले. बोटीतून येणाऱ्यांना परत पाठवा, अशा घोषणा देत माणसं निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांसमोर उभी राहू लागली. मला दुकानातून घरी येताना थोडं भ्यायला व्हायचं. डॉक्टर हसले. “सुलक्षणा, दे डोन्ट मीन अस. ते बोटवाल्यांना बोलतायत. आपण लीगल, आपण विमानानं आलो.” दर गणपतीत हेच डॉक्टर कोकणस्थांची गोष्ट सांगायचे: समुद्रातून चौदा देह किनाऱ्याला लागले, परशुरामानं त्यांना अग्नीतून शुद्ध करून उठवलं, ते आपले पूर्वज. त्यांच्याजवळ व्हिसा होता का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग निघाली ओळख समिती.

मंडळात अस्सल कोण आणि बाहेरचं कोण, हे एकदा ठरवून टाकायचं, असा तिचा उद्देश. एकेका कुटुंबानं डॉक्टरांच्या काँझर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत यायचं, चहा घ्यायचा आणि तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची: आडनाव, मूळ गाव, कुलदैवत. त्यावरून ‘अस्सल’, ‘जवळपास अस्सल’ आणि ‘पाहुणे’ अशी वर्गवारी. पाहुण्यांना कार्यक्रमाला येता येईल, मात्र हॉलच्या मागच्या भागात, दोरीपलीकडे. मत नाही, आणि मंडळाच्या अन्नाला हात लावायचा नाही. डॉक्टरांची सून एमा ही नॉरिचची, जन्मानं इंग्रज. तिला पहिल्याच दिवशी अस्सल ठरवण्यात आलं, कारण तिनं मोदक शिकायची इच्छा दाखवली होती. आपला तो बाब्या.

समितीत तिघं होते. स्वतः डॉक्टर, शिट्टीसह शशिधर आणि तिसऱ्या लीलाताई चेऊलकर.

लीलाताई पंचाहत्तरीच्या. लंडनच्या हॉस्पिटलांत सिस्टर म्हणून नोकरी केली, नवरा गेल्यावर लेकीजवळ राहायला लेस्टरला आल्या. सुती साडी, त्यावर कार्डिगन आणि बोलणं थेट अलिबागकडचं. मंडळाच्या जेवणातलं वालाचं बिरडं त्यांचं. रविवारी सकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात मोड आलेल्या वालांचं घमेलं मधे ठेवून आम्ही बायका सोलायला बसायचो, आणि लीलाताई बोलायच्या. आरतीच्या वेळी त्या कढईपाशीच थांबायच्या. “कुणीतरी हवं ना गो, करपेल,” म्हणायच्या.

डॉक्टरांनी त्यांना केव्हाच ओळखलं होतं. “चेऊलकर! म्हणजे चौल, रेवदंडा. अष्टागरातलं जुनं घराणं. शनिवार पाळतात, शनिवारी घराबाहेर पडत नाहीत, शेगडी पेटवत नाहीत. म्हणजे मारुतीचं कडक व्रत. आणि अलिबागची बाई असून कोळंबीला शिवत नाही, खेकड्याला शिवत नाही! अहो, काय सोवळं! अशी माणसं राहिली नाहीत.” लीलाताईंच्या दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक चांदीची नळी होती, तीही डॉक्टरांनी वास्तुदोषावरचा जुना कोकणी उपाय म्हणून ओळखली.

मला खरी गोष्ट ठाऊक होती. वाल सोलता सोलता लीलाताईंनीच सहज सांगितली होती. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली नाव दिलं. नळीत देवाचं वचन लिहिलेलं असतं. कोळंबी त्यांच्या धर्मात वर्ज्य.

“मी काही लपवलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण बोर्डही लावलेला नाही. कुणी विचारलंच नाही. आता मुलगी म्हणते, आई, दिवस बरे नाहीत, उगाच सांगत फिरू नकोस. आमच्या प्रार्थनेच्या जागी दाराशी गार्ड बसवलाय. आत जाताना पर्स उघडून दाखवायची. देवाला भेटायला!”

मग त्यांनी आणखी मूठभर वाल पुढ्यात ओढले. “ह्यांच्याशी मराठीत बोलायचे, ते गेले. भावंडं इस्राएलला, त्यांची मुलं हिब्रूत बोलतात. लेकीला मराठी कळतं, बोलता येत नाही. रविवारी तुमच्यात आले की माझं तोंड उघडतं. हे रविवार गेले तर मग मी मनातल्या मनातच बोलायची.”

म्हणून मी गप्प होते. त्यांना तर डॉक्टरांनी ‘तुम्ही फक्त चहाचं बघा’ असं सांगून समितीत घेतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे डॉक्टर त्यांच्याच हातचा चहा पीत बाहेरची माणसं शोधत होते.

पहिली सापडली ती श्रद्धा लोपीस. वसईची. चर्चला जाणारी, आणि आमचे रविवारचे मराठीचे वर्ग चालवणारी. मुलं तिच्याकडे ‘ळ’ म्हणायला शिकली होती, हे इंग्लंडात काय कष्टाचं काम आहे ते घरी मुलं असलेल्यांना विचारा.

“आडनाव?” डॉक्टरांनी विचारलं. इतकी वर्षं ओळख असून.

“लोपीस.”

“गाव?”

“वसई. डॉक्टर, तुम्ही आमच्याकडे जेवून गेलायत.”

“फॉर्मॅलिटी आहे. कुलदैवत?”

कोपऱ्यात नोंदी लिहीत बसलेल्या माझ्याकडे श्रद्धानं एकदा बघितलं. “येशू,” ती म्हणाली.

शशिधरनं उगीचच शिट्टी चाचपली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पाहुणे. नथिंग पर्सनल, श्रद्धा. यू आर मोस्ट वेलकम, फक्त मागे बसायचं. आणि वर्ग आता मिहीर घेईल.”

मिहीर हा डॉक्टरांचा मुलगा. वाढला इथेच, स्वभावानं गरीब. तो म्हणाला, “पण बाबा, माझा मराठी एकदम वाईट आहे.” डॉक्टर म्हणाले, “पण अस्सल आहे.” पुढच्याच रविवारी मिहीर वर्गासमोर उभा राहून “माझा पुस्तक कुठे गेली?” असं विचारत होता, आणि दोरीपलीकडे बसलेल्या श्रद्धाचे ओठ ‘माझं पुस्तक कुठे गेलं’ असे आपोआप हलत होते. मला रडू आलं. रडू म्हणजे संतापानं.

श्रद्धाला पाहुणी ठरवलं त्या दिवशी काँझर्व्हेटरीत लीलाताईंनी हातातली किटली खाली ठेवून एवढंच विचारलं होतं, “डॉक्टर, दोरी कशाला?”

“टेम्पररी आहे,” डॉक्टर म्हणाले.

मिहीरच्या त्या पहिल्या वर्गानंतर मी लीलाताईंना गाडीतून घरी सोडायला निघाले.

“लंडनला मी नोकरीला लागले ना,” त्या एकदम म्हणाल्या, “तेव्हा आमच्या वॉर्डात एक म्हातारी होती, ब्रेस्लाऊची. जर्मन ज्यू. तिचे वडील गावच्या गायन मंडळात होते. आपल्यासारखंच मंडळ गो, जमायचं, गायचं, खायचं-प्यायचं. तो हिटलर नुकताच गादीवर आला होता. सरकारनं अजून मंडळाला काही सांगितलंही नव्हतं. मंडळानं आपणच ठरवलं, तुम्ही आता येऊ नका. अध्यक्ष चांगला माणूस होता म्हणे, दातांचा डॉक्टर. घरी येऊन, टोपी हातात धरून, नथिंग पर्सनल म्हणून गेला. म्हातारी सांगायची, पुढचं सगळं जगाला माहीत आहे, छावण्या आणि सगळं. पण माझे वडील त्या संध्याकाळी गायचे थांबले ते पुन्हा गायले नाहीत.”

मी त्यांच्या घराच्या रस्त्याला गाडी वळवली.

“उद्याच्या सभेत माझंही विचारा म्हणून सांगणार आहे मी.”

“लीलाताई, कशाला? तुमचे रविवार जातील.”

“श्रद्धाचे गेले ना,” त्या म्हणाल्या आणि पर्समधून घराची किल्ली काढून हातात धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी बँक हॉलिडेचा, म्हणजे सरकारी सुट्टीचा सोमवार होता आणि गणपतीच्या तयारीची सभा होती. चपला रांगेत, माणसं रांगेत, दोरीपलीकडे तीन पाहुणी कुटुंबं. डॉक्टरांनी ओळख समितीचं काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर लीलाताई उभ्या राहिल्या.

“काम पूर्ण नाही झालं. माझं विचारायचं राहिलंय.”

डॉक्टर प्रेमानं हसले. “अहो, तुम्हाला काय विचारायचं! लीलाताई म्हणजे अस्सलपणाची मोजपट्टी.”

“तरी विचारा. नियम सगळ्यांना सारखा.”

लोक हसले. डॉक्टरांनाही गंमत वाटली, शिस्तीचा आदर्शच समोर उभा होता. हात दाखवून अवलक्षण कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

“बरं. आडनाव?”

“चेऊलकर.”

“गाव?”

“चौल.”

“कुलदैवत? मीच सांगतो. मारुती.”

“नाही. आमचा देव एकच, त्याला मूर्ती नाही.”

“वा! म्हणजे निर्गुणाची उपासना. नाथपंथी का?”

“ज्यू,” लीलाताई म्हणाल्या.

हॉलमध्ये कुणीतरी मोबाइल बंद केल्याचा आवाज आला. डॉक्टर अजून हसतच होते, फक्त ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. “नाही, पण… शनिवार…”

“शब्बाथ. कोळंबी आमच्यात चालत नाही. नळीत देवाचं वचन आहे. तुम्ही सगळं बरोबर पाहिलंत डॉक्टर, फक्त विचारलं नाहीत.”

“पण तुम्ही तशा वाटत नाही!”

“कशा?”

उत्तर त्यांच्या डोक्यात नक्की होतं, पण ते पन्नास माणसांसमोर बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. जेवणानंतरची ती सगळी भाषणं त्यांना त्या क्षणी आठवली असावीत. लीलाताई त्या प्रत्येक जेवणाला हजर होत्या. बडीशेपेची वाटी पुष्कळदा त्यांनीच पुढे केलेली होती.

डॉक्टर मूळचे सर्जन. त्यांनी चटकन सावरलं. “लीलाताई, तुमची केस वेगळी. यू आर वन ऑफ अस. तुमच्यासाठी आपण एक्सेप्शन करू.”

“आणि श्रद्धासाठी?”

“रूल इज रूल.”

“मग मलाही एक्सेप्शन नको,” लीलाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “डॉक्टर, आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात बाप्ये आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्यात गोष्ट सांगतात. सात नि सात चौदा. तुमच्याही गोष्टीत चौदाच आहेत ना? कोण जाणे, गलबत एकच असेल. बोटवालेच आपण. गावानं आम्हाला विचारलं, शनिवारी घाणा का बंद? आम्ही म्हटलं, आमचा देव त्या दिवशी विसावतो. गाव म्हणालं, बरं. संपलं. आडनावसुद्धा गावानंच दिलं. इतक्या पिढ्या आम्ही तिथे राहिलो, आम्हाला कुणी म्हटलं नाही, तुम्ही दोरीपलीकडे बसा. ते ऐकायला मला लेस्टरला यावं लागलं. आणि मी ते मराठीत ऐकलं.”

त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलली, दोरी हातानं वर करून खालून पलीकडे गेल्या आणि श्रद्धाशेजारी बसल्या. आता लोक उठतील, काहीतरी बोलतील, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. आमच्या मंडळात दोन कॅन्सरतज्ज्ञ आहेत, एक बॅरिस्टर आहे आणि केंब्रिजला शिकलेली चार माणसं आहेत. सगळे मूग गिळून बसले. मग कुणीतरी चहा आला म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं झालं. मी राजीनामा दिला. तो स्वीकारायचा तर सभा घ्यावी लागेल आणि सभा चिटणीसच बोलावते, असं अध्यक्षांनी मला कळवलं, म्हणून मी अजूनही चिटणीस आहे.

गणपती आला. जेवण केटररकडून मागवलेलं होतं, कारण लीलाताई आता पाहुण्या होत्या आणि पाहुण्यांनी मंडळाच्या अन्नाला हात लावायचा नव्हता. पण स्वतःच्या अन्नाला हात लावायचा नाही, असं नियमात कुठेच म्हटलेलं नव्हतं. लीलाताई, श्रद्धा आणि मी, आम्ही पहाटेपासून लीलाताईंच्या स्वयंपाकघरात वाल सोलत होतो. आरती संपल्यावर आम्ही मोठं पातेलं आणून हॉलच्या मागच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

पुढच्या बाजूला गार बटाट्याची भाजी आणि रबरासारख्या पुऱ्या. मागच्या बाजूनं ओल्या खोबऱ्याचा आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास. पाच मिनिटं सगळ्यांनी शिस्त पाळली. मग माझ्या सासूबाई उठल्या. ताट हातात, चालत दोरीपर्यंत आल्या, दोरी हातानं खाली दाबली आणि डॉक्टरांनी बसवून दिलेल्या खुब्यावर भार टाकून दुसरा पाय पलीकडे टाकला.

शशिधरनं शिट्टी फुंकली.

“वाजव, वाजव,” सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. “कुकर समजेन मी.”

त्यानंतर कन्सल्टंट आले, बॅरिस्टर आला, एमा आणि मिहीर आले. दोरी कुणी सोडली मला माहीत नाही, पण थोड्या वेळानं ती चपलांच्या रांगेत पडलेली दिसली. उगाच कुणाची तारीफ नको. तत्त्वासाठी एकही जण आला नव्हता, सगळे बिरड्यासाठी आले होते. सभेत जी माणसं खाली बघत होती, तीच आता “लीलाताई, आमचा मनातून तुम्हालाच पाठिंबा होता” म्हणत ताट पुढे करत होती. लीलाताई प्रत्येकाला वाढत होत्या, प्रत्येकाशी बोलत होत्या. “घे गो, अजून घे. पोरं कशी आहेत? हा तुझा धाकटा ना? बापावर गेलाय मेला.” शशिधरला त्यांनी शिट्टी खिशात घालायला लावली आणि दोन डाव वाढलं.

शेवटी रांगेत डॉक्टर बेहेरे आले. आता लीलाताई त्यांना आडनाव विचारणार, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असणार, कारण ते उत्तर द्यायच्या तयारीत घसा साफ करून उभे होते.

लीलाताईंनी काही विचारलं नाही. इतरांना वाढलं तितकंच त्यांना वाढलं, खोबरं-कोथिंबीर भुरभुरली.

“लीलाताई,” डॉक्टर हळू म्हणाले, “वास फार सुंदर येतोय. माझी आई अस्संच करायची.”

“थँक यू, डॉक्टर,” लीलाताई म्हणाल्या. “प्लीज बी केअरफुल, इट्स व्हेरी हॉट. नेक्स्ट, प्लीज.”

तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, सौजन्याचा, हॉस्पिटलमधला. अनोळखी पेशंटशी सिस्टर बोलते तो.

“लीलाताई, मी काय म्हणतो—”

“एन्जॉय युअर मील,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा रांगेत आलेल्या माझ्या सासूबाईंकडे वळल्या. “या हो वहिनी! पोट भरलं नाही ना? मला माहीतच होतं. आणा ते ताट इकडे.”

उभा जन्म या देशात लोक डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलत आले, त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. हातातलं बिरडं निवून गेलं तरी ते ताट घेऊन तिथेच उभे होते.